श्रीकृष्णाची ओवाळणी

धनत्रयोदशी, १९८६

तर पहिली आली ती मंदा, पलीकडच्या क्वार्टरमधली. ट्रकमधून पोळपाट उतरतोय तोच चहाची किटली घेऊन हजर! मागून तिची सासू, मग दोघींचं भांडण, तेही माझ्याच ओट्यावर. मी चौथी शिकलेली बाई, पण असलं काही लिहून ठेवल्याशिवाय मला झोप नाही. शहरात आमच्या नागरवाड्यात शेजारी दारं लावून बसतात. इथे दार लावलं तर कोण आजारी आहे म्हणून विचारायला येतात.

हेरंबला, माझ्या लेकाला, इथे कंत्राटदाराकडे रस्त्याचं काम मिळालंय. खाण केव्हाच बंद पडली. आता पुरुष सकाळच्या बसने वाघोडियाच्या कारखान्यांत जातात. मंदा म्हणते, खाणीचा भोंगा गेला तरी हात त्याच वेळेला पिठात जातो.

माझा धाकटा भाऊ श्रीकृष्ण याच खाणीत राहिला. पाणी फुटलं तेव्हा आत चौघे होते. शेजारची खाण बुडू नये म्हणून इथल्या मॅनेजरने, मानसिंगराव साहेबाने, हिचं तोंड बुजवून टाकलं. आतून हाका येत होत्या तरी! आता ती जागा खचून खड्डा झालाय, आणि साहेब अजून बंगल्यात राहून कुत्र्याला बिस्किटं चारतो. हे मंदाकडूनच कळलं. पण बरं झालं, भावाच्या जवळ राहायला आले.

भाऊबीज

इतकी वर्षं भाऊ नाही म्हणून चंद्राला ओवाळायची. आज म्हटलं, चंद्र कशाला? तिन्हीसांजेला तबक घेऊन खड्ड्याशी गेले, कुंकू लावलं मातीला, ओवाळलं. करंज्या ठेवल्या, त्याला खोबरं जास्त लागायचं. आणि चांगलं झापलंसुद्धा त्याला, की लबाडा, किती वर्षांची ओवाळणी थकली बघ. साडी नको मला. तुमचं तोंड बुजवणारा एकही सुटता कामा नये, एवढं दे.

हसतच घरी आले. कसं हलकं वाटलं!

तीज

मानसिंगराव गेला! बंगल्याला आतून कडी, पलंगावर साहेब, आणि तोंडात काळा चिखल ठासलेला. मंदा दारातच उभी राहून सांगत होती. मी तिला बसवून शिरा खाऊ घातला, साजूक तुपातला.

तिला सांगितलं नाही की सकाळी माझ्या तबकात त्याची कवळी होती. धुऊन ठेवलीय.

संध्याकाळी ते आले. चौघे. ओट्यावर ओळीने बसले, अंगातून पाणी ठिबकत होतं. श्रीकृष्ण तसाच, मिसरूड फुटलेला, आणि मी म्हातारी! ताई म्हणाला. आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मी रडले, सगळ्यांना कुंकू लावलं. बाकीचे तिघे म्हणाले, आम्हीही भाऊच, आमची ओवाळणी राहिली. मी म्हटलं, आणा की रे, सोडू नका कुणाला. आवजो म्हणून निरोपही दिला.

चौथ, दुपार

हेरंब पेढे घेऊन आला. मुकादम झाला. मी विचारलं रस्ता कुठे, तर मान खाली घालून म्हणाला रस्ता नाही, खड्डा बुजवायचाय, वर प्लॉट पाडायचेत. मामाच्या खड्ड्याचं ऐकून तू चिडशील म्हणून बोललो नाही. उद्या मुहूर्त, पहिला डंपर ओतताना नारळ हेरंबच फोडणार —

देवा.

चौथ, संध्याकाळ

पाया पडले त्याच्या. लेकाच्या. हसला, म्हणाला आई, भिऊ नकोस, भाऊबीज संपली आता. मुहूर्त पहाटेचा म्हणून बिछाना घेऊन खड्ड्यावरच झोपायला गेला.

मीही मागोमाग धावले. त्याला दिसत नाहीत ते चौघे. मातीवर डोकं आपटलं, श्रीकृष्णा, तुझा भाचा आहे रे, मी मागितलेलं परत घेते — तर माझंच कुंकू ओलं लागलं हाताला. आणि खालून, हळूच, की ताई, बहिणीला दिलेलं भाऊ मागे घेतो का.

कवळी विहिरीत टाकली. तबकही.

तबक परत ओट्यावर आहे. निरांजन लागलंय. मी लावलं नाही —

ओट्यावर पाणी —

तिघांची एकच ओवाळणी आणतो म्हणाले. सकाळीच येतो म्हणाले, लाभपाचमीला. उद्याच लाभपा—