माझ्या सोळा उसन्या पूर्वजांबाबत

मी, गंगाराम भिकाजी तांडेल, वय ७४, राहणार खाजणवाडी, ता. मालवण, जहाजावरचा निवृत्त स्वयंपाकी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यात काही म्हटलेलं नाही, ते बरंच झालं. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती भडकून लिहिली होती. हे शांतपणे रागावून लिहीत आहे.

१. घर. माझं स्वकष्टार्जित घर, मागचे सात माड आणि होडी समीक्षाला द्यावी. समीक्षा ही माझ्या जहाजावरच्या सोबत्याची, वैभववाडीच्या बाबलीची मुलगी. तो वारला तेव्हा ती चार वर्षांची होती. मी व माझी पत्नी कै. रुक्मिणी, आम्ही तिला वाढवलं. दत्तक घ्यायचा कागद राहून गेला, कारण घरच्या माणसाला कागद लागतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आज ती होड्यांची इंजिनं दुरुस्त करते. वाडीतल्या निम्म्या होड्या तिच्यामुळे परत किनाऱ्याला लागतात.

२. अग्नी. मला अग्नी समीक्षाच देईल आणि माझ्यामागे भावकीच्या बैठकीत माझ्या जागेवर तीच बसेल. भावकीचा प्रमुख, माझा चुलत पुतण्या दत्ताराम, याची यावर हरकत आहे. गेल्या गणपतीत आरती संपताच तो सगळ्यांदेखत तिला म्हणाला, "तुझो वंश खंयचो, ता आधी सांग." ती प्रसादाचं ताट ठेवून मागच्या दारी गेली. मला फार वाईट वाटलं. म्हणून पुढचं कलम लिहिणं भाग आहे.

३. पूर्वज. १९९३ साली आमचं जहाज सोमालियात बोसासो बंदरात बंद पडलं आणि मालकाने आम्हाला तिथेच टाकलं. अकरा महिने. सरकार कोसळलेलं, कचेरी बंद, माणसाला काय ते त्याचं कूळ सांभाळणार. कोणी अडवलं की बाप, आजा, पणजा अशी नावं सांगत वर जायचं. कुठे नाव जुळलं की बंदूक खाली. तिथली सहा वर्षांची पोरं वीस नावं घडाघडा म्हणत. मी तिसऱ्या नावावर अडकलो, तेव्हा त्यांना माझी दया आली.

वर्समे नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी मी रांधायचो. मला कुळाच्या आसऱ्याला घ्यावं की नाही, यावर बाभळीखाली तीन दिवस बैठक चालली. अगदी आमच्या भावकीसारखी, सगळे बोलणार आणि कोणी ऐकणार नाही. एकाचा आक्षेप होता की हा माशात नारळ घालतो. बायकांना तिथेही बसायला जागा नव्हती. पण वर्समेची बायको होदान चहाची किटली घेऊन मागे उभी होती. ती म्हणाली, "हा माझ्या चुलीवर रांधतो. तो कोणाचा हे तुम्ही काय ठरवणार?" आणि तिने चहा ओतायचा थांबवला. ठराव लगेच झाला.

मग वर्समेने आपले सोळा पूर्वज माझ्याकडून पाठ करून घेतले. मी ते देवळातल्या गाऱ्हाण्याच्या चालीवर पाठ केले. नाक्यावरचे बंदूकवाले हसून लोळले. आठवड्याभरात तेच प्रत्येक नावामागे "व्हय म्हाराजा" म्हणू लागले. मी जिवंत परतलो तो असा.

४. चूक. आठ वर्षांपूर्वी पालखीच्या पहिल्या मानावरून दोन भावक्यांचं वाजलं. समोरच्यांनी नऊ पिढ्यांची वंशावळ आणली. दत्ताराम धावत माझ्याकडे आला, "काका, पूर्वज सांग, बेगीन." मी तापाने फणफणलो होतो. तोंडपाठ होते ते सोळा म्हणून टाकले. त्याने प्रत्येकामागे जी लावला. हिरसीचा हिरसोजी, गुलेदचा गुलोजी, समतरचा समतोजी. ताप उतरल्यावर सांगायला गेलो, तर प्रतिज्ञापत्र होऊन पालखी त्याच्या खांद्यावर होती आणि तो नाचत होता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. सांगायचं राहिलं.

म्हणजे आठ वर्षं आमच्या गावाचा पहिला मान सोमालियातल्या उंटवाल्यांकडे आहे. देवाची आजवर काही तक्रार आलेली नाही.

सबब, समीक्षाला परकी म्हणणाऱ्याने आधी ती सोळा नावं देवळात मोठ्याने वाचून प्रत्येकाचं गाव सांगावं. प्रतिज्ञापत्राची खरी नक्कल तिच्या पान्यांच्या पेटीत तळाशी आहे. ती बाहेर काढायची वेळ येऊ नये, ही माझी इच्छा. तिला आपलं म्हटलं, तर पूर्वज दत्तारामाने खुशाल ठेवावेत. वर्समेने मलाही ते असेच दिले होते.

५. किटली. निघताना होदानने दिलेली किटली समीक्षाची. बैठकीत ती तिने न्यावी, पण मागे उभं राहू नये. बसावं.

६. दत्तारामाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये असं वकील म्हणाले, म्हणून त्याला साक्षीदार केलं आहे.

येणेप्रमाणे लिहिलं. खाजणवाडी, दि. ९ नोव्हेंबर २०२५.

सही: गंगाराम भिकाजी तांडेल

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:

१. गुरुदास केळुसकर, निवृत्त शिक्षक. (संपूर्ण वाचून, मध्ये दोनदा पाणी पिऊन.)

२. (न वाचता. म्हणाला, "वाचूक वेळ नाय, सही खंय करू ता सांग.")
दत्ताराम सोनू तांडेल, समतोजी घराण्याचे मानकरी.