सहाव्या रिळाचा वचपा

३ मार्च, सोमवार. दुपारी ४.

मिळाली! मुलगी आली, पिशवीतून डिस्क काढली. म्हणाली, बाबा, तुमचा तो अंतराळाचा सिनेमा, चित्र धुऊन-पुसून नवीन काढलाय. मी नुसतं बरं म्हटलं. आत ढोल वाजत होते.

चौतीस वर्षं वाट पाहिली. आता वचपा.

उद्या कोर्टात जायची वेळ आली तर असावं म्हणून सगळं लिहून ठेवतो. मी तेव्हा थिएटरचा हेड ऑपरेटर. हा सिनेमा शुक्रवारी लागला. सोमवारी मॅटिनीला मालक सहकुटुंब आले आणि जाताना म्हणाले, रिळं उलटी लागलीत, सहावं आधी आणि पाचवं नंतर. झालं. मॅनेजरने (भर उन्हाळ्यात टाय लावायचा, म्हणून आम्ही त्याला टायच म्हणायचो) मला तिकीट खिडकीसमोर, रांगेतल्या लोकांदेखत झापलं. पुढच्या एक तारखेपासून प्रोजेक्टरची केबिन बंद, सायकल स्टँडवर ड्यूटी. हेड ऑपरेटर टोकन वाटतोय! थिएटर पाडेपर्यंत, अकरा वर्षं!

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. रिळं बरोबर लावली होती. डब्यांवरचे आकडे चुकले होते. जहाजाचं दार उघडतं, डॉक्टरीणबाई अंतराळात फेकली जाते, मरते. त्यानंतर ती कॅप्टनचा हात शिवते. यात न समजण्यासारखं काय आहे? विज्ञानपट आहे. काळ वाकतो. टायचं डोकं वाकत नव्हतं, त्याला मी काय करणार.

४ मार्च.

योजना पक्की. आधी सिनेमा पाहायचा. मग टायला घरी बोलवून दाखवायचा. मग माफी, लेखी.

वेळ जाऊ नये म्हणून माफीपत्र मीच लिहून ठेवलं. मी, खाली सही करणार, पूर्ण शुद्धीत कबूल करतो की, वगैरे. आधी ‘दिलगीर’ लिहिलं होतं, ते ‘अत्यंत दिलगीर’ केलं. सहीसाठी भरपूर जागा सोडली आहे, म्हातारपणी हात थरथरतो.

बायकोला वाचून दाखवलं. म्हणाली, झालं गेलं ते कशाला उकरून काढता. मऊ मनाची आहे. माझा अपमान तिलाच जास्त लागला असणार.

६ मार्च.

जुन्या बुकिंग क्लार्ककडून नंबर मिळवला. टाय अजून जिवंत! वय एक्क्याऐंशी. फोनवर आवाज कापत होता. भीतीने. सोळा तारखेला, रविवारी चार वाजता येतो म्हणाला. वर, वहिनी कशा आहेत, असंही विचारलं. गोड बोलून सुटायला बघतोय.

बायकोला सांगितलं तर तिने स्वयंपाकघरात डब्यांचं कपाट आवरायला घेतलं. सोमवारीच आवरलं होतं.

८ मार्च, शनिवार.

दुपारी २ ते ४. सिनेमा पाहिला. डॉक्टरीणबाई आधी हात शिवते. मग दार उघडतं. फेकली जाते. परत येत नाही.

संध्याकाळी ६.३०. पुन्हा पाहिला. येत नाही.

डिस्कमध्ये गफलत आहे. धुता-पुसताना तुकडे खाली पडले असणार आणि उचलून कसेही जोडले. हल्ली कुठल्याच कामात कुणाचं लक्ष नसतं.

१० मार्च.

मुलीला फोन करून न धुतलेली प्रत मागितली. ती म्हणाली, बाबा, सिनेमा आहे, तांदूळ नाहीत. तरी मैत्रिणीकडून जुनी प्रत आणून दिली. पाहिली. त्यातही बाई मरते ती मरतेच.

यावरून एवढंच सिद्ध होतं की गफलत फार जुनी आहे.

११ मार्च.

लिफ्ट बंद. चार जिने एका दमात चढलो. शेजारचा चाळिशीचा बँकवाला दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा होता. त्याच्याकडे न बघता पुढे गेलो, पण त्याला दिसेल इतपत हळू.

केबिनमध्ये होतो तेव्हा खोकून खोकून कमरेत वाकायचो. प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, धूर थेट छातीत. स्टँडवर गेलो आणि सहा महिन्यांत खोकला पार गेला. औषध नाही, पाणी नाही. केवळ मनोनिग्रह. त्याच मनोनिग्रहाने टायला धूळ चारणार आहे.

१३ मार्च.

रविवार रद्द करावा का? छे. मग तो म्हणेल, घाबरला.

सकाळी अंघोळीत उपाय सुचला. डिस्कवर सिनेमाचे अठरा भाग केलेत आणि रिमोटने हव्या त्या भागावर उडी मारता येते. सातवा संपला की थेट अकरावा. तेरावा संपला की मागे आठव्यावर. दहावा झाला की चौदावा. की झाला माझा क्रम. शाल पांघरून बसायचं, रिमोट शालीखाली. ही फसवणूक नव्हे. कंपनीची चूक मी दुरुस्त करतोय.

बायको म्हणाली, मार्चमध्ये शाल? म्हटलं, बारीक कणकण आहे. लगेच कपाळाला हात लावून बघितला. खोटं बोलणं किती कठीण करून ठेवते ही.

१५ मार्च.

तालीम. पाच वेळा जमलं. दोनदा संवाद कुठल्याशा परक्या भाषेत गेले. एकदा टीव्ही बंद पडला. उद्या नीट होईल. शेवटी हात ऑपरेटरचा आहे.

१६ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.

मॅनेजरसाहेब आले. टाय नव्हता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काठी हातात. बायकोने चहा-बिस्किटं दिली आणि आत गेली ती बाहेर येईना. आत नळ वाहत होता.

सिनेमा लावला. सातवा भाग संपला. शालीखालून दाबलं. अकरावा लागला! दार उघडलं, डॉक्टरीणबाई गेली. मागे आठव्यावर आलो. बाई हजर, सुई-दोरा घेऊन. मी विजयी मुद्रेने त्यांच्याकडे पाहिलं.

ते टीव्हीकडे बघत म्हणाले, परत उलटं लावलंत की हो.

माझा तोल गेला. शाल फेकली. चौतीस वर्षांचं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, एका रिळासाठी हेड ऑपरेटरला सायकली मोजायला बसवलंत! माफीपत्र त्यांच्या मांडीवर आपटलं. म्हटलं, करा सही.

त्यांनी चष्मा लावून शांतपणे सगळं वाचलं. मग म्हणाले, रिळासाठी कोण एवढं करतं? मालक गाडीत बसेपर्यंत विसरले होते. तुम्हाला स्टँडवर धाडलं ते वहिनी येऊन रडल्या म्हणून.

मी म्हटलं, कुठल्या वहिनी?

म्हणाले, तुमच्याच. म्हणत होत्या, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय, हे जात नाहीत, केबिन सोडा म्हटलं तर अंगावर येतात, पदरात लहान मुलगी आहे, तुम्हीच काढा तिथून, पण माझं नाव घेऊ नका. मी शब्द दिला होता. रिळांचं आयतं निमित्त मिळालं, म्हणून जरा मोठ्यानेच ओरडलो. चारचौघांत ओरडायला नको होतं. त्याबद्दल करतो सही.

आणि केली. हात अजिबात थरथरला नाही.

मग म्हणाले, आता सरळ लावा, मला शेवट बघायचाय. लावला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. मी काय पाहिलं ते आठवत नाही. आतला नळ केव्हातरी बंद झाला होता.

ते गेल्यावर बायकोला विचारलं, खरं का? कपबशी पुसत म्हणाली, हो. म्हटलं, चौतीस वर्षांत एकदाही सांगितलं नाहीस? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही परत केबिनमध्ये गेला असतात.

गेलो असतो.

१७ मार्च, सोमवार.

सकाळी ७.३०. वचपा काढायचा तर खरा गुन्हेगार आता सापडला आहे. शिक्षा: अबोला. माफी मागेपर्यंत एक शब्द नाही. मनोनिग्रह.

८.१०. अबोला सुरू.

८.२१. तिचा चष्मा हरवला. सगळ्या घरात शोधत होती. उशीखाली, फ्रिजवर, माझ्या खिशातसुद्धा. चष्मा तिच्या डोक्यावर. मी बोटाने खूण केली. दिसली नाही. दोन्ही हातांनी केली. चष्म्याशिवाय तिला माझे हातच दिसत नाहीत, तर खूण कुठून दिसणार. स्टुलाला अडखळली. बोलावं लागलं. म्हटलं, डोक्यावर आहे.

चष्मा लावून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, अजून दाढी नाही केलीत?

अबोला उद्यापासून.

८.४०. उद्या तिला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंय. तिथे नाव-गाव, कुठला दात, सगळं मलाच सांगावं लागतं. परवापासून.