बेसवाल्याच्या एक्केचाळीस सूचना

मी, खाली सही करणारा, वय त्र्याहत्तर पूर्ण, धंदा बेसगिटार वाजवणे, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे, कारण नुसत्या माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवील असे दिवस राहिले नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. समोर आमचा ड्रमर ठोक्या बसला आहे आणि "आटप रे लवकर" म्हणतो आहे. पण अठ्ठेचाळीस वर्षे तो मला घाईच करत आला आहे, तेव्हा ते दडपणात धरू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पार पाडण्याची जबाबदारी ठोक्यावर, आणि त्याला मदत म्हणून वकीलबाईंवर.

कलम १. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीला. तिची आई याच घरात गेली, त्यामुळे ते परक्याच्या हाती जाऊ नये. स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलावी, मग ढकलावी. जोर करणाऱ्याच्या हातात तावदान येते, मला अनुभव आहे. बँकेत जे काही उरेल ते आणि माझी बेसगिटार नातीला. नातीला मी अजून पाहिलेले नाही. त्याचा खुलासा पुढे येईल.

कलम २. पाने, पक्कड, सोल्डरिंगचे सामान आणि वायरींची टोपली ठोक्याला. त्याला यातले ओ की ठो कळत नाही, पण वस्तू घरात असली की माणूस कधीतरी शिकतो.

कलम ३. आमच्या गायकाने तीस वर्षे प्रत्येक कार्यक्रमात मागे वळून मला "बेस जरा कमी" असा हात केला. त्याला माझ्यातर्फे कापसाचे दोन बोळे द्यावेत. मनात काही ठेवून जायचे नाही असे ठरवले होते, पण एवढे एक राहू दे.

कलम ४. कपाटाशेजारचा हलका अँप. अँप म्हणजे ज्यातून बेसचा आवाज बाहेर पडतो तो डबा. याची हकिकत लिहिणे भाग आहे.

माझी मुलगी वाद्ये बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. अकरा वर्षांपूर्वी कारखान्याने हा अँप काढला. आमचे जुने अँप उचलायला दोन माणसे आणि एक शिवी लागायची, हा एका हाताने उचलता येई. तो दाखवायला त्यांनी वादकांना बोलावले आणि वयाने मोठा म्हणून पहिला मान मला दिला. मी अँपला खेटून उभा राहिलो, चार सूर वाजवले आणि माईकवर म्हणालो, "ज्यानं हा बनवला त्यानं जन्मात बेस ऐकलेला नाही. हा अँप नाही, बिस्किटांचा डबा आहे!" लोक हसले. मला हशा आवडतो, म्हणून मी तेच पुन्हा म्हणालो.

तो माझ्या मुलीने बनवला होता. मला चकित करायचे म्हणून सांगितले नव्हते. ती तिथेच, पडद्याच्या बाजूला उभी होती.

आता चूक काय झाली ते लिहितो. अँपचा स्पीकर असतो जमिनीलगत. खेटून उभे राहिले की तो सगळे गुडघ्यांना ऐकवतो, कानापर्यंत काही पोचत नाही. चार पावले पुढे जाऊन ऐकावे, हे मी स्वतः कित्येकांना कान धरून शिकवले आहे. नेमका त्या दिवशी, मिजाशीत, मीच विसरलो. नंतर चहा घेताना ठोक्या म्हणाला, "मागच्या रांगेत काय घुमत होता रे!" म्हणजे तासाभरात मला कळले होते. तेव्हाच जाऊन तिला सांगायला हवे होते. नाही गेलो. मोठेपणा आडवा आला. महिन्याभरात तिला डिझाइनच्या खोलीतून उचलून ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्याच्या टेबलावर बसवले. तिने माझ्याशी बोलणे सोडले. पुढे तोच अँप मी जुन्या बाजारात पाहिला आणि घेतला. रोज वाजवतो. तो मुलीला द्यावा.

कलम ५. निळी फाईल. हीसुद्धा मुलीला.

हिच्यात मी कारखान्याला लिहिलेली एक्केचाळीस पत्रे आणि त्यांची उत्तरे आहेत. फोन करायची छाती झाली नाही. पण ग्राहक म्हणून पत्र लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. मी लिहिले: "सूचना क्रमांक एक. बेसचे वजन निम्मे करावे. गळ्यात घेऊन दोन तास उभे राहिले की खांदा भरून येतो." आठव्या दिवशी उत्तर आले: "सूचनेबद्दल आभार. खांदा डावा की उजवा? दुखणे हातात उतरते का? डॉक्टरांना दाखवले का? सदर माहिती उत्पादनासाठी आवश्यक आहे." खाली नाव नाही, नुसते "ग्राहक पत्रव्यवहार विभाग". उत्पादनासाठी म्हणे! मी जिन्यातच उभा राहून हसलो, आणि वर येईपर्यंत रडायला लागलो.

मग मला चटकच लागली. सूचना चार: बटणांवरचे आकडे मोठे करावेत, मंचावर दिसत नाहीत. उत्तर: "ग्राहकाने चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला?" सूचना नऊ: तारा मऊ कराव्यात, बोटांची टोके बधिर होतात. उत्तर: "रक्तातील साखर तपासून आकडा कळवावा." मी आकडा जरा कमी करून कळवला. उलट टपाली: "आकडा पटत नाही. प्रयोगशाळेच्या कागदाची प्रत जोडावी." अगदी आईच्या वळणावर गेली आहे. तिला ठाऊक होते मी कोण, मला ठाऊक होते ती कोण, आणि दोघांनीही कधी तोंडातून अवाक्षर काढले नाही.

बाविसाव्या सूचनेला दोन महिने उत्तर नाही. मी टपालवाल्याला सळो की पळो करून सोडले. शेवटी आले: "विभागातील कर्मचाऱ्यास मुलगी झाल्यामुळे विलंब झाला, क्षमस्व. दोघींची प्रकृती उत्तम आहे." अशा रीतीने मी आजोबा झालो. जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटलो. सूचना तेवीस तासाभरात टपालात पडली: लहान हातांसाठी आखूड बेस काढावा. उत्तर: "सूचना योग्य आहे, परंतु ग्राहकाने घाई करू नये. अजून मान धरलेली नाही."

सूचना तीस: अँपला पुढच्या बाजूने एक पाय द्यावा, म्हणजे तो तोंड वर करून वादकाच्या कानाशी बोलेल, गुडघ्यांशी नाही. ही माझी माफी होती, आडून मागितलेली. या सूचनेला उत्तर आले नाही. पण गेल्या वर्षीच्या त्यांच्या माहितीपुस्तकात, चौदाव्या पानावर, पुढे पाय असलेला अँप आहे. ठोक्या सांगतो, तिला पुन्हा डिझाइनच्या खोलीत घेतले. माझ्या पत्रांना उत्तरे मात्र अजून तीच देते.

कलम ६. वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रात माफीचे कलम नसते. नसू दे, मी घालतो. बाळा, तो अँप चांगला होता. मी चुकलो, आणि चुकलो हे कळल्यावर गप्प बसलो, ते त्याहून वाईट. मला तुझी फार आठवण येते. पोरीला एकदा डोळे भरून पाहायचे आहे.

एवढे वाचून वकीलबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "काका, हे तुम्ही गेल्यावर वाचून तिनं काय करायचं?" खरेच आहे. म्हणून याची एक प्रत सही होताच ग्राहक पत्रव्यवहार विभागाकडे धाडत आहे. वर "सूचना क्रमांक बेचाळीस" असे लिहिले आहे.

ठिकाण: राहते घर. दिनांक: ३ मार्च.
सही: बेसवाला
साक्षीदार: १. ज्यांनी दाखला दिला ते डॉक्टर. २. खालच्या मजल्यावरचे घड्याळजी.

पुरवणी

वरील मृत्युपत्राला सहा दिवस झाले. आज सकाळी बेल वाजली. दारात मुलगी, हातात माझी प्रत, आणि तिच्या मागून डोकावणारी नात. मी म्हणालो, "ये." अकरा वर्षांत दुसरे काही ठरवून ठेवले नव्हते.

ती चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, कलम चार चुकलंय. अँप काही एवढा चांगला नव्हता. खालचा सूर फाटत होता."

"अगं, मागच्या रांगेत घुमत होता."

"ठोक्याकाकांना सगळंच घुमतं." मग हळू म्हणाली, "डबा म्हणालात त्याचं एवढं नाही लागलं. तुमचा फोन येईल म्हणून मी संध्याकाळभर बसून होते."

मी म्हणालो, "चुकलं माझं." कागदावर लिहिणे सोपे गेले होते. तोंडाने म्हणायला दोनदा घसा खाकरावा लागला. तिने माझा डावा खांदा दाबून पाहिला आणि विचारले, "इथंच ना?"

तेवढ्यात नातीने बेसची जाडी तार ओढली, पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, हे इथं वाजलं!"

सबब, कलम ४ आणि ५ रद्द. अँप आणि फाईल आजच हातोहात दिली आहे, आणि जे माझे उरले नाही ते मी मागे काय ठेवणार? बेसगिटारही आजपासून नातीची. मला वाजवायची असेल तेव्हा तिला विचारावे लागेल असे तिने बजावले आहे. कलम ३ कायम.

या पुरवणीत मुलीला काही मिळत नाही, त्यामुळे तिची साक्ष चालेल असे वकीलबाईंनी सांगितले. वकीलबाईंच्या छापील कागदावर साक्षीदाराच्या सहीपुढे "लिहून देणाऱ्याशी परिचय किती वर्षांचा" असा रकाना आहे. तो ज्याचा त्याने आपल्या हाताने भरला आहे.

ठिकाण: तेच. दिनांक: ९ मार्च.
सही: बेसवाला

साक्षीदार १: ठोक्या. परिचय: अठ्ठेचाळीस वर्षे.
साक्षीदार २: मुलगी. परिचय: जन्मापासून. पैकी अकरा वर्षे टपालाने.