गराईचं नाव

पोर्ट व्हिला,
८ एप्रिल २००३

ती. युनिसताईस,
गराईचा सा. न. वि. वि.

पाठवलेली चटई मिळाली. खोलीतले तिघेही आता तिच्यावरच लोळतात, मला कोपरा उरतो.

ताई, आता जे लिहितो ते हसण्यावारी नेऊ नकोस. आकाशातून एक भटका ग्रह आपल्याकडे निघालाय. त्याला स्वतःचा सूर्य नाही, वाट नाही. पंधरा मेच्या सुमारास तो इतका जवळून जाईल की समुद्र उठून डोंगरावर येईल. कारखान्यातल्या फिलिपने कॉम्प्युटरवर वाचलं आणि कागदावर उतरवून आणलं. आमचा फोरमन आधी हसला, पण दुपारी त्याने तो कागद मागून घेतला.

मरायची भीती वाटते, नाही म्हणत नाही. पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. डुक्कर मारून मिळतं ते मोठ्या माणसाचं नाव मी अजून घेतलेलं नाही. पलीकडे गेल्यावर आजोबांपुढे कोण म्हणून उभा राहू? पोरगा म्हणून? मामांनी माझ्यासाठी डुक्कर वाढवलाय. त्याचे सुळे चांगले वळलेत, मी नाताळात पाहिलेत. मामांना सांग, महिनाअखेरच्या बोटीने मी येतो. डुक्कर मारून नाव घेतो, मग काय व्हायचं ते होवो.

कळावे. मामांवर आहे त्यातला थोडा लोभ माझ्यावरही असू दे.

तुझा,
गराई

वुइनाको, अंबाए बेट,
१९ एप्रिल २००३

चि. गराईस,
ताईचे अ. आ.

तुझा ग्रह तुझ्या पत्राच्या आधीच इथे पोहोचला. मागच्या बोटीने आलेल्या पोरांनी आणला. तेव्हापासून गावात नुसती डुकरं मारायची घाई चाललीय. तुझ्यासारखीच सगळ्यांना धास्ती, की नाव न घेता मरायचं कसं. आपल्या शेजारच्या जेकबने करंगळीएवढ्या सुळ्यांचा डुक्कर मारला नि भलंमोठं नाव घेतलं. बायकोने जुन्या नावाने हाक मारली तर ओ देत नाही. नव्या नावाने बोलावलं तर म्हणतो, एवढ्या मोठ्या माणसाने लाकडं फोडायची का. ती बिचारी स्वतःच फोडते आणि त्याच्या दोन्ही नावांचा उद्धार करते. मांस मात्र आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्लं, खोटं कशाला बोलू!

मामांना तुझं म्हणणं सांगितलं. ते नाही म्हणाले. सुळ्याचं टोक फिरून अजून जबड्याला लागलेलं नाही, वर्ष तरी जाईल, असं म्हणाले. मी म्हटलं, जगच वर्षभर राहणार नसेल तर? त्यावर म्हणाले की जग राहो न राहो, अर्ध्या सुळ्यावर घेतलेलं नाव अर्धंच राहतं. मग कंद कुस्करायला बसले. सुळे गोल वळावेत म्हणून वरचे दात काढलेला तो प्राणी, त्याला चावता येत नाही. अळूचे कंद उकडून, मऊ करून, घास घास भरवावा लागतो. मामा रोज तेवढ्याच सबुरीने भरवतात. सारा गाव सैरावैरा धावत असताना हा माणूस डुकराशी गप्पा मारत बसलेला असतो. मला तर त्यांच्याकडे बघूनच धीर येतो.

तिकिटाचे पैसे वाया घालवू नकोस. नीट जेवत जा. ताईची माया आहे तशीच आहे, ग्रह येवो नाहीतर जावो.

तुझी ताई,
युनिस

पोर्ट व्हिला,
२६ एप्रिल २००३

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून फार वाईट वाटलं. जेकबला नाव, साऱ्या गावाला नाव, आणि मी तेवढा पोरगा! आता स्पष्टच लिहितो. मामांना सगळ्यात वरच्या नावापर्यंत पोचायला एकच पायरी उरलीय, हे मला ठाऊक आहे. तो डुक्कर त्यांनी स्वतःसाठीच राखला नसेल कशावरून? तसं असेल तर तोंडावर सांगावं. मी या बोटीने येत नाही. कोणत्या तोंडाने येऊ?

राग मामांवर आहे, तुझ्यावर नाही. तुझा लोभ तुटू देऊ नकोस.

गराई

वुइनाको,
४ मे २००३

गराई,

आशीर्वाद आज घाईत. तुझं पत्र मी मामांना वाचून दाखवलं नाही. माझीच मला लाज वाटली.

तुला न सांगण्याचं वचन मामांना दिलं होतं, ते मोडते. फेब्रुवारीत मी मामांना दवाखान्यात नेलं होतं. पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षीची कोनफळं ते बघतील याची खात्री नाही. मामांनी माझ्या तोंडावरूनच ओळखलं. घरी येताना वाटेभर तेच माझी समजूत काढत होते.

हे कळल्यावर म्हातारी माणसं येऊन बसली. म्हणाली, हाच डुक्कर मार, सुळा पुरता नसला तरी आम्ही डोळेझाक करतो, तुला सगळ्यात वरचं नाव देतो, शेवटची पायरी चढून जा. मामा म्हणाले, डुक्कर माझा नाही, भाच्याचा आहे, मी फक्त भरवतो. त्यांचा ग्रह खरोखर येतोय रे, आणि त्यांना ते ठाऊक आहे. तरी रोज सकाळी उठून तुझ्या डुकराला घास भरवतात. असा माणूस आपल्याला मामा म्हणून मिळाला, यापेक्षा मोठं नाव काय असतं? आईबाप गेले तेव्हा आपल्यालाही असेच भरवत होते. तू लहान होतास, तुला आठवणार नाही.

काय लिहायचं ते आता तूच ठरव.

ताई

पोर्ट व्हिला,
९ मे २००३

ती. मामांस,
गराईचा शि. सा. न.

ताईने सगळं लिहिलं. माझ्या मनात जे आलं होतं ते तुम्हाला कळलं नसेल तर बरं, आणि कळलं असेल तर पायांवर डोकं ठेवतो.

मामा, तो डुक्कर तुमच्यासाठी मारा. वरची पायरी चढा. मी माझ्या हाताने तो तुम्हाला देतो, ताई साक्षीला आहे. मी पोरगाच राहीन. आजोबांनी विचारलं तर सांगेन, मी मामांचा भाचा. तेवढं पुरेल मला.

बोट मिळताच येतो. तोवर थांबा, एवढंच मागतो.

आपला,
गराई

वुइनाको,
१८ मे २००३

श्री. गराई यांस,
ताईचे अ. आ.

जग शाबूत आहे. पंधरा तारखेला सारा गाव न्हाऊन, धुतलेले कपडे घालून किनाऱ्यावर जाऊन बसला. संध्याकाळी डास चावायला लागले तसे एकेक करून घरी परतले. आता गावात मोठी माणसं ढीगभर आणि डुक्कर एकच उरलाय, आपला. जेकब आला होता, शरमलेला. मामांनी त्याला जुन्याच नावाने हाक मारून जेवायला बसवलं. त्याने मुकाट ओ दिली.

तुझं पत्र मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे पुसले आणि म्हणाले, डुक्कर मारायचा नाही, सुळा पुरा होऊ दे, ज्याचा आहे तोच मारील. पुढे म्हणाले, मी तेव्हा नसेन, पण माझं बघायचं राहिलेलं आज बघून झालं.

हल्ली त्यांच्या हातून घास सांडतो. येशील तेव्हा भरवायला शिकून घे.

आणि वरचा मायना वाचून दचकू नकोस. सवयीने 'चि.' लिहिलं होतं, ते मामांनी खोडायला लावलं. म्हणाले, ज्याने मिळायचं नाव दुसऱ्याला देऊ केलं, त्याला आता पोरगा म्हणून कोण लिहितं? तेव्हा यापुढे 'श्री.'च. जावयाला पत्र लिहितेयसं वाटतं, पण मामांचा हुकूम आहे.

लवकर या.

आपली ताई,
युनिस