बैलगिअर

प्रिय सुमन,

पुढच्या चाकांची दोन हब-लॉक, माझ्याच लेथवर कातलेली. हौद्याचे लोखंडी कठडे. तुला चढायला सोपं जावं म्हणून दाराखाली पायरी, तुझ्या पावलाच्या मापाची. आपल्या पिकअपवर एवढं मी माझ्या हातांनी केलं, कुठल्या शाळेत न शिकता. आणि आज तीच गाडी मला वेळेवर बंद करता आली नाही! म्हणून लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगू?

भात कापून पडलंय. पेंढ्या गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना रचल्यात, आभाळ भरून आलंय, मजूर मिळत नाही. तुझा किसन सकाळपासून एकच म्हणतोय, "दाजी, इका ती पिकअप. एकट्या मानसाचं काम हाय का ते? वावर वाट्यानं देऊन टाका." तुझा भाऊ, म्हणून ऐकून घेतलं आणि गाडी काढली.

आठवतं, लो गिअरवरून किती भांडलीस? कंपनीने लो आणि पुढच्या चाकांची ओढ एकाच दांड्याला बांधलेली. लो टाकलं की पुढची चाकंही जोर करायची, कोरड्या खडकाळ वाटेवर वळणाला अडायची, स्टिअरिंग तुझी मनगटं पिळायचं. म्हणून मी पुढची चाकं हवी तेव्हा जोडता-सोडवता येतील अशी हब-लॉक बसवली. ती मोकळी केली की लोचा जोर फक्त मागच्या चाकांना. पहिल्या गिअरात सोडली की गाडी आपली आपण चाकोरीतून चालायची, बैलापेक्षा हळू. सपाटीलाच हां! भरल्या गाडीने चढ घेतलास तर मागचा एक्सल तुटेल, हे किती वेळा बजावलं तुला.

आणि तू? "लई शानं माझं मानूस! चार पायांचं जनावर दोन पायांवर आनलं, वर फुशारकी!" नावही तूच ठेवलंस, बैलगिअर.

मग गाडीत कुणीच नसायचं. डावीकडून मी पेंढ्या टाकायचो, उजवीकडून तू. वाट संपली की तू खिडकीतून हात घालून चावी फिरवायचीस. मी कधी तिकडे पाहिलंसुद्धा नाही गं!

आज एकट्याने गाडी सोडली, खाली उतरलो आणि सवयीने डावीकडेच आलो. पेंढ्या टाकत राहिलो. वाट संपत आली तसा ओरडलो, "सुमे, बंद कर!"

कोण करणार?

गाडी चालतच राहिली. मागून वळसा घालून धावलो. चावी फिरवली तेव्हा पुढचं एक चाक अर्धं बांधाबाहेर गेलं होतं, खाली पाच हातांवर दुसरं खाचर. किसन पळत आला, हब-लॉक लावली, चारी चाकांच्या जोरावर गाडी मागे घेतली. मी पेंढ्यांवर बसून लेकरासारखा रडत होतो. श्रावणात तुला पोचवून आलो, तेव्हाही असा रडलो नव्हतो.

माझ्या प्रत्येक कामात खोट काढायचीस. मग डावीकडेही गाडी बंद करायचं एक बटण बसवा, एवढं का नाही सुचवलंस? का तू कायम उजवीकडे असणार, असं तुलाही वाटत होतं?

मला जमत नाहीये, सुमन. खरंच नाही जमत. तरी शब्द देतो. उद्या मी तुझ्या बाजूने चालेन. आधी उजवीकडच्या पेंढ्या, मग गाडी फिरवून आणून डावीकडच्या. दुप्पट वेळ लागेल, लागू दे.

संध्याकाळी किसन एकाला घेऊन आला, भंडारदऱ्याला पर्यटकांसाठी तंबू लावणारा. त्याने हब-लॉक फिरवून पाहिली आणि म्हणाला, गाडीचे जागेवर साडेचार लाख देतो. मी नाही म्हणालो.

तुझाच,
दत्तू