पाचाचं वजन

खोली नं. ४१,
४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. गुडघा धरून बसायचं सोडून तुम्ही माळ्यावरचे जुने वजनकाटे उतरवत बसता, असं आत्यानं कळवलंय. ती चुगली करते म्हणून तिच्यावर डाफरू नका.

तुमच्या पैलवानाला काल सहा महिने झाले. पालथा पडतो आणि परत उताणं कसं व्हायचं ते विसरतो, मग सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असा रडतो. कुणी शिंकलं की खदखदून हसतो, त्यामुळे हे क्रेनवरून घरी आले की खोटं खोटं शिंकत बसतात. हे सगळं छान आहे. पण अण्णा, तो पीत नाही. चार घोट घेतो, मान फिरवतो, पाठीची कमान करून किंचाळतो. मऊ भात घोटून चमच्यानं द्यावा तर चमचा लांबून दिसला तरी ओठ घट्ट मिटतो. एकेका पाजण्याला दीड तास जातो आणि निम्मं माझ्याच अंगावर सांडतं.

मी त्याला दिवसातून चार वेळा कँटीनच्या कोठारात नेते आणि तिथल्या काट्यावर वजन करते. पाजण्याआधी आणि पाजल्यावर. कोठारवाले आता मला बघितलं की न बोलता बटाटे उतरवून ठेवतात. गुरुवारी बसनं चार तास जाऊन मोठ्या दवाखान्यात दाखवलं. पाच किलो दोनशे भरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घशात, पोटात दोष दिसत नाही, पण आईची भीती पोराला कळते, तेव्हा आधी तुम्ही शांत व्हा. शांत कसं व्हायचं ते कागदावर लिहून दिलं नाही.

हे म्हणतात, अशानं तू वेडी होशील. मलाही तसंच वाटायला लागलंय. एक काटा पाठवा ना, तुमच्या हातचा. कोठारातल्या काट्याच्या खाचांत माती भरलेली असते, त्याचा काय भरवसा. तुमच्या काट्यावर बघितलं तरच माझा जीव थाऱ्यावर येईल.

काही जास्तीचं लिहिलं असेल तर पोटात घाला.
तुमची बारकी

---

दुकान,
१३ फेब्रुवारी

चि. बारकीस अ. आ.

काटा आजच मालट्रकनं रवाना केला. टांगता तराजू आहे. एका बाजूला मोठं पितळी पारडं लावलंय, पैलवान मांडी घालून बसेल एवढं, आणि कडा घासून गुळगुळीत केल्यात. दाराच्या चौकटीला हूक ठोकून टांगायचा. क्रेन चालवणाऱ्या माणसानं एक हूक सरळ ठोकून दाखवला तर मी त्यांना मानीन, असं जावयांना सांग. सोबत वजनं आहेत, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत.

दोन गोष्टी ध्यानात ठेव. वजन आठवड्यातून एकदाच करायचं, रविवारी सकाळी. आणि दवाखान्यातला काटा स्प्रिंगचा असतो. स्प्रिंग थकली की कमी दाखवते. दोन पारड्यांना खोटं बोलता येत नाही. माझ्या काट्यावर जे भरेल ते खरं धर.

तूही लहानपणी असेच आमच्या नाकी नऊ आणले होतेस. तुझी आई तुला खिडकीत बसवून रस्त्यावरचं कुत्रं दाखवत भरवायची. कुत्रं निघून गेलं की तुझं जेवण बंद. मग मी खाली जाऊन कुत्र्याला हाकलून परत खिडकीखाली आणायचो. तरी वाढलीस ना? नीट जेव, पोराला आमचा पापा दे.
अण्णा

---

खोली नं. ४१,
२५ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि. आज मजकूर आनंदाचा आहे.

ह्यांनी ठोकलेला हूक जरा वाकडाच आहे, पण काटा झकास. रविवारी समोर पाचाचं ठेवलं, त्यानं उचललं. पाचशेचं ठेवलं, तेही उचललं. वर शंभराचं ठेवल्यावर दांडी सरळ झाली. पाच किलो सहाशे. मी तिथेच फरशीवर बसून रडले. त्या स्प्रिंगच्या काट्यापायी महिनाभर मी पोराचा आणि स्वतःचा छळ केला.

आणि गंमत ऐका. त्याला पारडं आवडलंय. त्यात बसवलं की ते जरासं झुलतं आणि हा पठ्ठ्या आपण होऊन तोंड उघडतो. दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून मी जमिनीवर बसते आणि पारड्यातल्या स्वारीला भरवते. केळं कुस्करलेलं अर्धं खाल्लं. मंगळवारी मागची उशी सरकली तरी तो तसाच बसून राहिला, मी सात मोजेपर्यंत. आधाराशिवाय बसला, अण्णा. मग कलंडला आणि स्वतःलाच हसला.

एक गोष्ट तुम्हाला कळवली नव्हती, उगाच घोर नको म्हणून. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की वजन पाचच्या खाली गेलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन या. त्याच्या अंगात शिल्लक काही नाही, साधं पोट बिघडलं तरी झेपणार नाही. तेव्हा आम्ही ठरवलंय, पाचाचं वजन त्यानं उचललं नाही की पिशवी भरायलाही थांबायचं नाही. तोवर मी निर्धास्त.

आठवण ठेवता तशीच ठेवा.
तुमची बारकी

---

दुकान,
२ मार्च

ती. आक्कास,
सा. न.

मी एक करून बसलोय, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

पोरीला जे पाचाचं वजन पाठवलं ते पाचाचं नाही. चार किलो सहाशेचं आहे. बुडातलं शिसं काढलं, भोक वाढवलं आणि वर शिशाची पातळ टोपी ठोकून बसवली. चाळीस वर्षांत किती दुकानदार वजन हलकं करून मागायला आले आणि मी त्यांना पायरी उतरायला लावली, तू बघितलं आहेस. आयुष्यात खोटं वजन मी हे एकच केलं आणि ते नातवाला पाठवलं.

तिनं लिहिलं होतं की वेडी होईन. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या की आई शांत झाली तर पोर खाईल. मला वाटलं, चारशे ग्रॅमनं पोरीला श्वास घेता येत असेल तर काय बिघडलं. लागूही पडलं, आक्का. पोरगा खातोय, बसायला लागलाय. पण पाचाची अट मला ठाऊक नव्हती. ती तिच्या पत्रात आत्ता वाचली: पाचच्या खाली गेला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. त्याचं खरं वजन पाचच्या खाली गेलं तरी तो माझं वजन उचलणारच.

सांगावं तर ती पुन्हा पहिल्यासारखी होईल आणि पोर पुन्हा तोंड मिटेल. सध्या त्याचं बरं चाललंय. पुढच्या महिन्यात जाऊन गुपचूप वजन बदलून यावं, असं म्हणतो. तुझं मत कळव.
तुझा भाऊ

---

६ मार्च

चि. भाऊस अ. आ.

माझं मत विचारतोस याचा अर्थ तुझं तुला कळलेलं आहे. पत्र हातात पडल्याबरोबर तारघरात जा आणि खरं काय ते कळव. वजन बदलायला महिनाभरानं जाणारा तू कोण? ते पोर काय तुझी वाट बघत तब्येत राखून बसणार आहे?

ती तुला बोलेल, रागावेल, वर्षभर पत्र टाकणार नाही. ते तू सोसायचंस. तुला पोरीची काळजी आहे हे खरं, पण तिच्यासमोर खोटं पडण्याची भीती जास्त आहे, हेही खरं. लहानपणी काच फोडलीस तेव्हाही तीन दिवस तापाचं सोंग केलं होतंस. मीच तिला लिहिलं असतं, पण हे तुझ्याकडून जायला हवं. आठ-दहा दिवस बघते, मग मी लिहिणार.
आक्का

---

दुकान,
१० मार्च

चि. बारकीस अ. आ.

पैलवान बसायला लागला हे वाचून दुकानात सगळ्यांना सांगितलं. गुडघा ठीक आहे. इकडे ऊन तापायला लागलंय, तिकडेही असेल.

सहज मनात आलं म्हणून लिहितो. एकदा त्याला दवाखान्याच्या काट्यावरही तोलून घे. ट्रकच्या धक्क्यांनी दांडी थोडी हलली असेल तर सांगता येत नाही. दोन काट्यांचं मत घेतलेलं बरं. घाई अशी काही नाही, पण जमलं तर लवकर जा.

बाकी भेटीत बोलू. पोराला जप.
अण्णा

---

खोली नं. ४१,
१६ मार्च

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

आता तुम्हीच स्प्रिंगच्या काट्याची वकिली करायला लागलात की. आत्यानं कान भरलेले दिसतात. तुमची दांडी मी रिकाम्या पारड्यांनी तपासली, केसाचाही फरक नाही. दुकानात उगाच लहानाची मोठी झाले का मी?

पैलवानाचं पोट मात्र गुरुवारपासून बिघडलंय. पातळ होतंय. पारड्यात बसवलं तरी तोंड उघडत नाही, नुसता दांडीकडे बघत राहतो. रविवारी पाच तीनशे भरला. आज तुमचा नियम मोडून पुन्हा केलं, पाच दोनशे. हे म्हणत होते की आत्ताच दवाखान्यात नेऊ. मीच नको म्हटलं. चार तास उन्हात, दारं लागत नाहीत अशा बसमध्ये त्याला नेऊन आणखी दमवायचं कशाला? चोवीसला दाखवायची तारीख आहेच. पाचाचं वजन तो अजून उचलतोय आणि ते अण्णांनी पाठवलेलं आहे, असं म्हटल्यावर ह्यांनी काढलेली पिशवी परत ठेवली.

मी घाबरलेली नाही, बरं का. घाबरायचं नाही हे शिकलेय.
तुमची बारकी

---

खोली नं. ४१,
२३ मार्च

ती. अण्णांस,
सा. न.

हे लिहायचं माझ्यावर आलं. आपला पैलवान परवा दुपारी गेला.

अठराच्या संध्याकाळी त्यानं रडणं बंद केलं. त्या दिवशीही घरी पाचाचं उचललं होतं, जेमतेम. पण मी हिचं ऐकलं नाही. एकोणीस तारखेला पहाटेची पहिली बस धरली. दवाखान्यात चार किलो पाचशे भरला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की इतका उशीर का केलात, तर ही सांगत राहिली की घरी पाचच्या वर होता. दोन दिवस सलाईन चाललं. चार दिवस आधी आणला असता तर, एवढं म्हणून त्या थांबल्या.

तुमची तार आम्ही निघाल्यावर आली. शेजाऱ्यांनी दाराच्या फटीत खोचून ठेवली होती. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्या, एवढेच शब्द. तुम्हाला तिथे बसून कसं कळलं, असं ती मला सारखी विचारते. मी काय सांगू?

गुडघ्यानं प्रवास झेपणार नसेल तर धावपळ करू नका.
तुमचा जावई

---

खोली नं. ४१,
१२ एप्रिल

ती. अण्णांस,
सा. न.

तुमची कोरडी कोरडी पत्रं येतात. काळजी घे, जेव, एवढंच. तुमच्या हातून याहून जास्त लिहिलं जात नसेल हे मला समजतं.

मी सारखी तोच हिशेब करते. तिथे साडेचार, माझ्याकडे पाच. एवढा फरक काट्यात नसतो, म्हणजे तो माझ्यात होता. मी वजनं चुकीची वाचली असणार, नाहीतर त्याचा पाय जमिनीला टेकत असणार आणि माझं लक्ष नसणार. काटेवाल्याची मुलगी, आणि स्वतःच्या पोराला तोलता आलं नाही. तुम्ही लिहिलं होतंत की दवाखान्यात तोलून घे. मी तुमची चेष्टा केली. हेही आत्ताच नेऊ म्हणत होते. दोघांचं ऐकलं नाही, पोर मीच घालवलं.

मी जेवत नाही असं हे तुम्हाला कळवणार आहेत. मी मुद्दाम करत नाही. घास तोंडाशी आला की ओठ मिटतात.

माझ्यावर माया करू नका.
बारकी

---

दुकान,
१८ एप्रिल

बारके,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

पाचाचं वजन उलटं कर आणि बूड बघ. खऱ्या वजनाच्या शिशावर शिक्का असतो, त्यावर नाही. तू दुकानात वाढलीस, तुला बघताक्षणी कळेल. ते वजन चारशे ग्रॅमनं हलकं आहे. मी केलं, जाणूनबुजून केलं, तुझी घालमेल थांबावी म्हणून. तू एकदाही चुकीचं वाचलं नाहीस. त्याचा पाय कुठेही टेकत नव्हता.

याहून वाईट पुढे आहे. पाचाची अट तुझ्या पत्रातून मला मार्चच्या सुरुवातीलाच कळली होती. तुझ्या आत्यानं लगेच तार कर म्हणून खडसावलं. मी तार केली नाही. घाई नाही असं पत्र लिहिलं, कारण तुझ्यासमोर खोटा ठरायची लाज वाटली. त्याचं पोट बिघडल्याचं तुझं पत्र आलं तेव्हा तार केली आणि तिच्यातही कारण लिहिलं नाही. पोर तू घालवलं नाहीस. मी घालवलं.

हे जावयांना वाचून दाखव. दुकान बंद केलं आहे. लोभ असू दे असं मागायची माझी लायकी नाही, म्हणून मागत नाही.
अण्णा

---

खोली नं. ४१,
६ मे

अण्णांस,

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. वजन उलटं करून बघितलं, शिक्का नाही. दर रविवारी ते माझ्या हातात असायचं, पण तुमच्याकडून आलेलं वजन मी कशाला उलटं करून बघू?

त्या दिवशी मी जेवले. महिन्यानंतर ताट संपवलं. हे समोर बसून बघत होते. सुटल्यासारखं वाटलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं याचीच शरम वाटली. मला तुमचा राग आहे. तो जाईल असं लिहून तुम्हाला बरं वाटावं, असं मी करणार नाही. खोटा दिलासा या घरात पुन्हा नको. इकडे येऊ नका. मी बोलवीन तेव्हा या, आणि बोलवीन की नाही ते मला आज माहीत नाही.

आत्याला तुमच्याकडे राहायला जायला लिहिलंय. तुम्ही एकटे जेवत नसणार. जेवा.

दांडी आणि सगळी वजनं पेटीत घालून मालट्रकनं पाठवली आहेत. पाचाचं वरच आहे. दुकान उघडा, त्यात शिसं भरा, शिक्का मारून आणा आणि तसं मला कळवा.

पारडं पाठवलेलं नाही. तो त्यात बसायला शिकला.
बारकी