तीन शाळा, एक जागा

११ फेब्रुवारी, सोमवार

बोटीतून उतरले तेव्हा पाय लटपटत होते. खोली बरी आहे — दोन खाटा, एक पंखा, खिडकीतून धक्का दिसतो. पाठ टेकायच्या आत लेकीने कागद पुढे केला. नवशिक्यांना स्कूबा शिकवणाऱ्या तीन शाळा, या बेटावरच्या. "आई, तू तपास. तू पास करशील तीच. पण शुक्रवारपर्यंत सांग, शनिवारी वर्ग सुरू होतोय. एका जागेचं मी बोलून ठेवते."

लबाड आहे. तेहतीस वर्षं शाळा तपासनीस होते, निवृत्त होऊन सहा महिने झाले नाहीत — पुन्हा तेच काम! वीट आलाय मला शाळांचा. पण हिला लहानपणी दमा. धाप लागली की ओठ निळे पडायचे. गेली आठ वर्षं पंप लागलेला नाही, तरी तो माझ्या पर्समध्ये असतोच. आणि ही म्हणे पाण्याखाली नळीतून श्वास घेणार. दुसऱ्या कुणी शाळा निवडली आणि काही झालं तर? नकोच. मीच बघते.

गेल्या महिन्यात मलाच डॉक्टरांकडे ओढून नेलं होतं हिने. रक्त, ईसीजी, छातीचा फोटो. "एवढा प्रवास करायचाय ना." माझी एवढी काळजी, आणि स्वतः समुद्राच्या तळाशी जाणार.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

न कळवता गेले. कळवून गेलं की सगळ्या शाळा लख्ख असतात.

पहिली मोठी, थंडगार, भिंतीभर माशांचे फोटो. शिकवणारा एक, शिकणारे नऊ. प्रकृतीचा फॉर्म मागितला. दमा होता का, हा चौथा प्रश्न. तिथे अडखळले तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सगळीकडे 'नाही' लिहा ना मावशी, म्हणजे पुढची कटकट नको." नापास.

दुसरीतलं साहित्य चकचकीत, मास्तर मृदू बोलणारे. म्हटलं, काही झालंच तर द्यायचा ऑक्सिजन दाखवा. पेटी होती. किल्ली कुणाकडे, यावर तिघांची चर्चा सुरू झाली. पाणी पिऊन निघाले. नापास.

१३ फेब्रुवारी, बुधवार

पायांना सूज. कुठेच गेले नाही. खिडकीतून पाणी बघत बसले. लग्नाआधी मी नदी आरपार पोहायचे. हिचा दमा सुरू झाला आणि पाणी सुटलं ते सुटलंच. हिला काठावर ठेवून मी कशी उतरणार?

लेक दुपारी आली, केस ओले. या बेटावरच्या गल्ल्या हिला फारच लवकर पाठ झाल्या.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

तिसरी शाळा धक्क्याच्या टोकाला, पत्र्याची. तिथल्या मास्तरांना सगळे कासव म्हणतात. का, ते कळलं. कमरेएवढ्या पाण्याच्या टाकीत एक धिप्पाड माणूस तोंडात नळी धरून थरथरत उभा, आणि कासव त्याचा हात धरून. चाळीस मिनिटं! बाकीचे तिघे काठावर पाय हलवत बसलेले. वहीत लिहिलं: वेळापत्रक पाळत नाहीत.

ऑक्सिजनची पेटी मात्र हाताशी, भरलेली. चौघांमागे एक शिकवणारा. मग रजिस्टर मागितलं. ते बघितल्याशिवाय मला शाळा कळत नाही. कासवाने ते टेबलावरून उचललं आणि कपाटात टाकलं. "बाकी काहीही बघा, बाई. हे नाही." रजिस्टर लपवणारे पुष्कळ भेटलेत मला, एकही सरळ निघाला नाही. नापास.

लेकीला सांगितलं. तिने माझी वही ओढून तिन्ही शेरे वाचले. मग — "आई, तू कधी कुणाला पास केलंस का गं?"

फार लागलं मला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळपासून पहिलीच्या वर्गावरची एक शिक्षिका डोळ्यांपुढून हलेना. फार वर्षांपूर्वी मी तपासणीला मागच्या बाकावर बसलेले. एक मुलगी काही केल्या बोलेना, तर बाई तिच्यापाशीच बसून राहिल्या, तास संपेपर्यंत. मी शेरा दिला: वर्गाकडे दुर्लक्ष. बाईंची बदली झाली. ती मुलगी पुढे बोलली की नाही, मी कधी विचारलं नाही.

दहाला पुन्हा धक्क्यावर गेले. कालचा धिप्पाड माणूस टाकीत पाण्याखाली बसला होता, निवांत बुडबुडे सोडत. कासवाला म्हटलं, "तुमची शाळा पास. माझं काल चुकलं. पण मुलीला दमा होता, तेवढं सांभाळा."

तो माझ्या पाठीमागे बघायला लागला. दारात लेक उभी. "दाखवा आता, सर."

रजिस्टर. दोन वर्षांपूर्वीचं पान. माझ्या लेकीचं नाव. 'लहानपणी दमा, डॉक्टरांचं पत्र जोडलं आहे. पहिला दिवस — उतरली नाही. दुसरा — उतरली नाही. तिसरा — गुडघ्यापर्यंत. घाई नको.' खाली सहावा दिवस — बारा मीटर.

तेव्हा ऑफिसच्या प्रशिक्षणाला जाते म्हणाली होती. मी रोज फोनवर विचारायचे, पंप जवळ आहे ना.

तिथेच ओरडले तिच्यावर. मग रडू आलं. "सांगितलं असतं तर पाठवलं असतंस?" नसतं पाठवलं. "माझं नाव न बघता तू ही शाळा पास करायला हवी होतीस, म्हणून सरांना थांबवलं मी."

खोलीवर येऊन दुपारभर झोपले. ही शिकलेलीच आहे, तर मग जागा कशाला राखली, हे विचारायचं राहूनच गेलं.

१६ फेब्रुवारी, शनिवार

राखलेल्या जागेचा फॉर्म. नाव माझं. वय अठ्ठावन्न. मागे टाचलेलं डॉक्टरांचं पत्र, गेल्या महिन्याचं. पर्स लेकीच्या हातात दिली. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे आजचा शेरा: पहिला दिवस — कमरेपर्यंत. घाई नको.